एक पीळ जादा

पेचकस एकदम हलका फिरला. इतका हलका, की क्षणभर मोहनरावांना वाटलं, सुटला. चौथाही स्क्रू सुटला. पण सुटणारा स्क्रू हाताला कळतो. एकेक आटा वर येताना तो बोटांना सांगत येतो. हे तसं नव्हतं. हे लोण्यात चमचा फिरवल्यासारखं होतं. त्यांनी पेचकस उचलला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि वाकून पाहिलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान डोकं आणि त्याच्यावर खोदलेली फुली, जिच्यात पेचकसाचं टोक बसतं. मघापर्यंत ती फुली होती. आता तिथं एक गोल, चकचकीत खड्डा होता, आणि पेचकसाच्या टोकाला केसाएवढी चांदी लागली होती. अडतीस वर्षं पाण्याच्या मोटारी खोलणारा माणूस, अंथुर्णे आणि आसपासच्या दहा गावांत ज्याच्या हाताचं नाव निघतं, आणि एवढ्याशा स्क्रूनं त्याला डोळा मारला होता.

"तात्या, झालं का?" पडद्यापलीकडून राजनंदिनीनं विचारलं.

"झालंच," ते म्हणाले.

खोली जळोचीतल्या एका नव्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर होती. मागच्या खिडकीतून अजून ऊस दिसायचा आणि पुढच्या खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगच्या सळया. राजनंदिनी, त्यांची एकुलती एक लेक, दोन वर्षांपासून इथं राहून बारामतीतल्या एका ऑफिसात नकाशे काढायचं काम करत होती. आज दुपारी तीन वाजता तिची बंगळुरूच्या एका कंपनीशी मुलाखत होती, लॅपटॉपवरच. तिसरी आणि शेवटची. दीड तासाची. बोलायचं, आणि बोलता बोलता त्यांनी दिलेला नकाशा त्यांच्यासमोर करून दाखवायचा. कंपनीनं आपलं सॉफ्टवेअर याच लॅपटॉपवर टाकून घेतलं होतं, दुसऱ्यावर ते उघडणार नव्हतं. तारीख बदलून मिळणार नाही हेही त्यांनी आधीच कळवलं होतं. आणि हा लॅपटॉप तापून बरोबर विसाव्या मिनिटाला बंद पडत होता. "दुकानात देते," ती परवा फोनवर म्हणाली होती. "दुकानात कशाला? लोकं चांगलं काडून वाईट घालत्यात. मी येतो. अर्ध्या तासाचं काम," असं मोहनराव इतक्या घाईनं बोलले, की पलीकडं ती जराशी गप्प झाली आणि मग म्हणाली, "बरं. तुमीच या." सकाळी साडेदहाला ते पिशवी घेऊन हजर झाले होते. आता साडेअकरा होत होते. पडद्यापलीकडं ती इंग्रजीत स्वतःशीच बोलत होती, अडखळत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

त्यांनी पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, नखाएवढा कापला, स्क्रूच्या डोक्यावर ठेवला आणि पेचकस त्यावर दाबून धरला. रबर खड्ड्यात बसतं, पकड देतं. ही युक्ती त्यांना कुणी शिकवायला नको होती. सावकाश, श्वास रोखून, जरासा पीळ दिला. रबर फाटलं. दुसरा तुकडा घेतला. तोही फाटला. मग चपट्या तोंडाचा पेचकस तिरपा बसवून पाहिला. त्यानं खड्डा आणखी रुंद झाला. मोटारीवर असं झालं असतं तर छिन्नी लावून दोन टोले दिले असते. नट हा शेवटी ठोक्याला घाबरतो. त्यांनी पेचकसाच्या मुठीनं हलकेच एक ठोका मारूनही पाहिला, आणि खालची हिरवी पाटी, केसांइतक्या बारीक तांब्याच्या रेघा असलेली, अशी काही लवली की त्यांचा हात आपोआप मागं आला. करवतीचं पातं घासून खाच पाडावी तर लोखंडाचा कीस त्या रेघांवर पडणार. पक्कड आत जात नव्हती. चार स्क्रू होते, तांब्याच्या पट्टीच्या चार कोपऱ्यांना, आणि प्रत्येकाशेजारी एक ते चार असे आकडे छापलेले. कंपनीनं शिस्त लावून दिली होती. तीन निघाले होते, चौथा अडून बसला होता आणि पट्टी एका अंगाला कलून उभी होती. त्या पट्टीखाली काय होतं ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, मोहनराव आणि त्यांची बायको विजयमाला. राजनंदिनीला माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

गेल्याच्या गेल्या दिवाळीतली गोष्ट. चौदा महिने झाले. पाडव्याच्या दिवशी राजनंदिनी मैत्रिणीकडं इंदापूरला गेली होती आणि लॅपटॉप अंथुर्ण्यात सोप्यातल्या दिवाणावर होता. आदल्या दिवशी तिनं तो लावला तेव्हा त्याचा पंखा घरघरत होता. मोहनरावांना आवाज सहन होत नाही. लोकांना मोटारीचा आवाज आवाज वाटतो, त्यांना ती तक्रार वाटते. आसपास पाचट पेटवलेलं, त्याची काजळी उडून वाळत घातलेल्या धुण्यावर पडायची, पापडावर पडायची. मग ह्याच्या पोटात जाणार नाही तर काय? त्यांनी पाठ खोलली. आत खरोखरच पंख्याच्या पात्यांना काळ्या लोकरीसारखी जळमटं लटकली होती. ब्रशनं ती काढताना त्यांना जो आनंद झाला, तो त्यांनी कुणाला सांगितला नसता. पोरीची वस्तू होती ती. शिकून ती त्यांच्या हातातून कुठंतरी लांब गेली होती, तिच्या बोलण्यातले निम्मे शब्द कळत नव्हते, आणि इथं अचानक तिच्या जगाचं पोट उघडं पडलं होतं, तर आत काय? पंखा, नळी, पट्टी, चार स्क्रू. आपलंच काम की! त्या भरात त्यांनी तांब्याची पट्टीही उचलली. खाली वाळून खडखडीत झालेला राखाडी मळ होता. मळच वाटला त्यांना. सुकलेलं ग्रीस, दुसरं काय असणार? उस्ताद आबाजी, ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले, एकच गोष्ट सांगायचे, की सुकं लोखंड सुक्या लोखंडाला खातं. त्यांनी तो मळ नखानं खरवडला, रॉकेलच्या बोळ्यानं पुसला आणि पंपाच्या बेअरिंगला भरतात ते पिवळं ग्रीस, डब्यातलं, चांगलं बोटभर लावलं. पट्टी बसवली. स्क्रू आवळले. आणि आवळून झाल्यावर, आबाजींनीच शिकवलेला, हाडात भिनलेला तो एक पीळ जादा दिला. मोटार थरथरते, थरथरीनं नट ढिले होतात, म्हणून आवळून झालं की एक पीळ जादा, मग निवांत. लॅपटॉप थरथरत नाही हे त्या वेळी त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीनं तो सुरू केला आणि कान देऊन म्हणाली, "अगंबाई, हा आज गप कसा?" तीच वेळ होती. तेव्हाच सांगून टाकायचं. पण मोहनरावांना वाटलं, जरा थांबू. ती आणखी नवल करील, पुन्हा विचारील, मग मिशीत हसत सांगू, की कुणाचा हात लागला असंल सांग बरं. म्हणून ते म्हणाले, "थंडी पडलीया ना." ती हसली, आणि दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन बारामतीला निघून गेली. सांगायचं राहिलं ते अशा लाडानं राहिलं होतं. पुढं त्या राहण्याचा रंग बदलला.

फाल्गुनात ती म्हणाली, तापतो. चैत्रात म्हणाली, बंद पडतो. त्याच सुमाराला भवानीनगरला मोबाइलच्या दुकानात काच बदलून घ्यायला बसले असताना त्यांनी पाहिलं, दुकानदार एक लॅपटॉप उघडून त्याच्या त्याच जागी, तांब्याच्या पट्टीखाली, सुईसारख्या नळकांडीतून पांढरट लेप घालत होता. मोहनरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे ग्रीसच का?" तो म्हणाला, "न्हाय वो तात्या. ही पेस्ट. उष्णता वर ओढून घेती." "आन ग्रीस लावलं तर?" दुकानदार मोठ्यानं हसला. "मग भाकरी भाजा त्यावर. चार महिने चालंल, मग ग्रीस वाळतंय आन आतल्या आत शिजतंय सगळं." मोहनराव पण हसले. घरी येईपर्यंत त्यांना घाम फुटला होता. विजयमालेला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "मग सांगा की पोरीला. खाती का काय ती तुमाला?" ती म्हणाली. "बघू," ते म्हणाले. "बघू काय? चूक झाली म्हनायला जीब झडती व्हय? सुंभ जळला तरी पीळ जायचा न्हाय तुमचा." ते उठून अंगणात गेले. राजनंदिनीचा पुढच्या वेळी फोन आला तेव्हा त्यांनी काय करावं? त्यांनी तिला व्होल्टेज सांगितलं. जळोचीत व्होल्टेजच नीट न्हाय, म्हणाले, नवी वस्ती, एका डीपीवर किती बिल्डिंगा. मोटार जळाली की सगळ्या जगात व्होल्टेजवर ढकलता येतं, आणि तेही कधीमधी ढकलत आले होते. पण गिऱ्हाईक वेगळं आणि लेक वेगळी. तिनं ऐकलं. स्टॅबिलायझर आणला. तो तिच्या टेबलाखाली आत्ताही होता, हिरवा दिवा लावून इमानेइतबारे बसलेला. मोहनरावांचा पाय मघापासून दोनदा त्याला लागला होता.

"तात्या, चहा ठेवू?"

"नको. हातातलं होऊंदे."

"किती राहिलंय?"

"झालंच म्हण."

पडदा बाजूला सारून ती दारात उभी राहिली. निळा कुडता घातला होता, केस बांधले होते. मोहनरावांनी पुढं झुकून लॅपटॉप अंगानं झाकला. चोराच्या मनात चांदणं. ती आत आली नाही. तिथूनच त्यांच्याकडं बघत राहिली, उघड्या यंत्राकडं नव्हे, त्यांच्याकडं. "घाम आलाय तुमाला," ती म्हणाली. "पंखा लावू?" "लावू नको. बारीक स्क्रू हायेत, उडतील." ती परत गेली. उडण्याजोगं तिथं काही नव्हतं, सगळे स्क्रू त्यांनी एका वाटीत ठेवले होते. आणखी एक खोटं, विनाकारण. खोट्याचं असंच असतं, सरावानं ते मागितल्याशिवायही येतं.

बारा वाजले. खिशात पेस्टची नळकांडी होती, आठ दिवसांपूर्वी भवानीनगरहून लपवून आणलेली. बेत किती सोपा होता! पट्टी उचलायची, ग्रीस पुसायचं, पेस्ट लावायची, बंद करायचं. तात्यांनी लॅपटॉप बरा केला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या बेताच्या आड स्वतःचाच चौदा महिन्यांपूर्वीचा हात येऊन बसला होता. दुसऱ्या कुणी आवळला असता तर मोहनरावांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. कुणा गाढवानं एवढा आवळलाय रं, असं त्यांनी आयुष्यात किती विहिरींवर म्हटलं असेल, गिऱ्हाइकाच्या देखत, मोठ्यानं. आता म्हणायला कुणी नव्हतं. त्यांनी पुन्हा पेचकस धरला आणि न फिरवताच खाली ठेवला.

मग तो विचार आला. तो कुठून आला ते त्यांना कळलं नाही, पण आला तो पूर्ण तयार होऊन आला. तिन्ही स्क्रू परत आवळायचे. चौथा आहेच आवळलेला. पंखा तेवढा ब्रशनं साफ करायचा, पाठ लावायची आणि म्हणायचं, केला साफ. ती खूश होईल. तीन वाजता बसेल. विसाव्या मिनिटाला, फार तर पंचविसाव्या, नकाशा अर्धा असताना लॅपटॉपचा पडदा काळा होईल. ती बाहेर येईल. तिच्या तोंडाकडं बघावं लागेल, पण ते तोंड त्यांच्यावर रागावलेलं नसेल. नशिबावर असेल, लॅपटॉपवर असेल, व्होल्टेजवर असेल. विजयमाला काही बोलणार नाही. दुसरी नोकरी येईल. पोरगी हुशार आहे. लग्नाचंही वय झालंय. बंगळुरू तसं लांबच. मोहनराव हे सगळं एकामागून एक मनात मांडत गेले, आणि मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं की आपला हात वाटीकडं गेलाय आणि एक स्क्रू चिमटीत आलाय. आपण हे करू शकतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. करणार नाही असं नाही, करू शकतो. सावलीत बसून, घाम पुसत, चहा पीत. त्यांना स्वतःची एवढी भीती कधी वाटली नव्हती, खोल विहिरीत दोरावर लटकतानासुद्धा नाही.

त्यांनी स्क्रू वाटीत टाकला. फार लहान आवाज झाला.

"नंदे," त्यांनी हाक मारली. ही लहानपणची हाक, बऱ्याच वर्षांत मारली नव्हती. इंग्रजी थांबलं. ती आली. "ह्यो निघत न्हाय," मोहनराव म्हणाले. "फुली गेली. माझ्याच्यानं न्हाय निघायचा." वाक्य संपल्यावर त्यांना वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तिनं मोबाइलवर वेळ पाहिली, बारा पस्तीस, आणि म्हणाली, "भिगवण रोडला एक दुकान हाय. चला." तिनं उघडा लॅपटॉप मोठ्या टॉवेलात गुंडाळला, वाटीतले स्क्रू कागदात बांधले. रागावली नाही, घाबरली असली तर दाखवलं नाही. मोहनरावांना वाटलं, ही अशी तयारीत कशी?

मोटारसायकलवर ती मागं बसली, मांडीवर टॉवेल, तान्हं मूल धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. पुढं उसाचे ट्रॅक्टर, एकाला दोन दोन ट्रॉल्या, रस्ताभर डुलत चालले होते आणि पुढं जायला जागा देत नव्हते. एका ट्रॉलीमागं चालताना मोहनरावांना बोलायला भरपूर वेळ होता. ग्रीसचं आत्ता सांगता आलं असतं. पाठ तिच्याकडं होती, तोंड दिसत नव्हतं, वाऱ्यात आवाज निम्मा विरला असता. याहून सोपी जागा माणसाला मिळत नाही. त्यांनी दोनदा घसा खाकरला. "काय म्हणालात?" ती पुढं वाकून म्हणाली. "काय न्हाय. धर नीट," ते म्हणाले. कदाचित दुकानदार काही विचारणारच नाही. ग्रीस काय आणि पेस्ट काय, वाळल्यावर सारखीच दिसत असतील. पुसेल आणि लावेल. लोकांना आपल्या कामाशी काम असतं.

दुकान जिन्याखाली होतं आणि दुकानदार एक बाई निघाली. तिशीतली, वृषाली नाव, कपाळाला भिंगाची पट्टी बांधलेली. मोहनरावांच्या मनात आलं, ही काय काढणार? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, नकोच निघू दे. आणि त्या दुसऱ्या मनाची त्यांना लाज वाटली. राजनंदिनीनं तीनची मुलाखत सांगितली. वृषालीनं मापाचं पेचकसाचं टोक शोधण्यात वेळ घालवला नाही, रबर लावलं नाही. तिनं डाग द्यायची, सोल्डरिंगची कांडी सुरू केली, तापली तशी तिचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली. "कंपनीतच याला लाखेसारखं काहीतरी लावलेलं असतं," ती म्हणाली. "वर कुणीतरी जोर काढलाय. तापला की सोडेल." मोहनरावांना चपराक बसल्यासारखं झालं. गंजलेला नट तापवून काढायचा हे त्यांना विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. शेकड्यांनी काढले होते. आज आठवलंच नाही. भ्यालेल्या माणसाला आपली विद्यासुद्धा ओळख देत नाही. दोन मिनिटांनी तिनं एक अणकुचीदार चिमटा डोक्याच्या कडेला लावला, पाव फेरा फिरवला, आणि स्क्रू निमूटपणे वर आला.

मग तिनं पट्टी उचलली. उचलून नाकाशी नेली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला ते मोहनरावांनी फार लांबून ऐकलं.

"हे ग्रीस आहे," वृषाली म्हणाली. "बेअरिंगचं. कुणी लावलं हे?"

"मी," राजनंदिनी म्हणाली.

इतक्या चटकन म्हणाली, की मोहनरावांना आधी वाटलं, आपणच बोललो.

"तू?"

"व्हिडिओ बघून. घरात होतं, लावलं."

"कमाल आहे बाई तुझी," वृषाली कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवत म्हणाली. "शिकलेली दिसतेस. नकाशे काढतेस म्हणतेस. पंपाचं ग्रीस प्रोसेसरवर घालायचं नसतं, एवढी अक्कल नाही? जळून गेला असता म्हणजे? माझ्याकडं खेड्यातले आजोबा येतात ना, ते पण असलं करत नाहीत." राजनंदिनी मान खाली घालून उभी होती, शाळेत उभी राहायची तशी. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वृषाली पुसत होती आणि बोलत होती, बोळा पिवळा होत होता, काळा होत होता, दुसरा बोळा येत होता. आता बोळा संपला की संपलं. आणखी एक बोळा, आणि ग्रीस जगात उरणार नाही. मोहनरावांनी तिसरा बोळा पाहिला. चौथा पाहिला. आपल्या बदल्यात पोरगी शिव्या खातेय आणि आपण बोळे मोजतोय, हे त्यांना दिसत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं. जबडा कुणीतरी घट्ट आवळून ठेवला होता.

"ती न्हाय," मोहनराव म्हणाले. आवाज घोगरा आला, म्हणून पुन्हा म्हणाले, "तिनं न्हाय लावलं. म्या लावलं. दिवाळीत. गेल्याच्या गेल्या. तिला न विचारता. नंतर कळलं मला चुकलं ते, तरी न्हाय सांगितलं. व्होल्टेज म्हणून सांगितलं."

वृषालीनं भिंग वर करून एकदा त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचे हात पाहिले, नखांतली न जाणारी काळी रेघ पाहिली, आणि भिंग खाली केलं. तिनं पेस्ट लावली, डबीतून आपल्याकडचा नवा स्क्रू काढून चौथ्या जागी घातला, एक ते चार आकड्यांच्या क्रमानं थोडं थोडं आवळत आली. सव्वादोनला लॅपटॉप सुरू झाला. नकाशा उघडून ठेवला. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, चालू होता. "आता घरी जाऊन परत बसेपर्यंत तीन होतील," वृषाली म्हणाली, "आत माझी खोली आहे. नेट चांगलं आहे. बस तिथंच." राजनंदिनीनं केस नीट केले, लॅपटॉप उचलला. मोहनराव तिच्या मागं त्या दारापर्यंत गेले. तिथं त्यांना थांबावंच लागलं.

"खोटं का बोललीस गं?" त्यांनी हळू विचारलं.

"मला माहीत होतं, तात्या," ती म्हणाली. "फाल्गुनात तापाय लागला तवाच कळलं. तापला की तुमच्या शर्टाचा वास यायचा त्याला. लहानपनापासनं धुतलेत मी ते शर्ट."

"मग बोलली का न्हाईस?"

ती उत्तर देण्याआधी जराशी थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमी सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तीन वाजले. दारापलीकडून तिचा आवाज येऊ लागला, आधी बारीक, मग मोकळा. मोहनराव दुकानाच्या पायरीवर बसले. तीन वीस झाले, तीन पंचवीस झाले, आवाज चालूच होता. "तात्या, आता नाही बंद पडणार," वृषाली आतून म्हणाली. त्यांनी मान हलवली. त्यांचा कान आता यंत्राकडं नव्हताच. त्यांना दर रविवारचे फोन ऐकू येत होते. ऊस किती गेला, आईचा गुडघा कसा आहे, पाण्याची पाळी कधीची आहे, सगळं बोलून व्हायचं, आणि फोन ठेवायच्या आधी दर खेपेला ती जराशी थांबायची आणि विचारायची, "आणि काय, तात्या?" बोलायची रीत असेल म्हणून मोहनराव दर खेपेला म्हणायचे, "काय न्हाय. निवांत." ती आणखी क्षणभर फोन धरून राहायची, आणि मग ठेवायची.